नांदेडकरांचं मीटर

९ फेब्रुवारी १९८६, लातूर

अखेर घर मिळालं. घर कसलं, दोन खोल्या आणि पुढे एक बोळ. बोळात भिंतीवर विजेचं मीटर आणि मीटरच्या बरोबर खाली घरमालकांनी पान थुंकून थुंकून रंगवलेला कोपरा. शी! सामान आत टाकायच्या आधी मी तो कोपरा राखेनं घासला. त्यात बादलीभर पाणी गेलं म्हणून तारामती माझ्यावर चिडली.

लातूरचा जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली, पण गावाला ते अजून पटलेलं दिसत नाही. कलेक्टर ऑफिस आहे, निळे बोर्ड आहेत, आमच्यासारखे नांदेड-उस्मानाबादहून उचलून आणलेले कारकून आहेत. पाणी तेवढं नाही. माझ्या नशिबी टंचाई शाखाच आली. दिवसभर टँकरच्या फायली, आणि घरी आलं की घशात धूळ.

इथे तरी खरं लिहितो. याआधी तीन ठिकाणी खोल्या बघितल्या. तिन्ही ठिकाणी खोली रिकामी होती, भाडं ठरत आलं होतं आणि मग ‘आडनाव काय म्हणालात?’ मी ‘कांबळे’ म्हणायचा अवकाश, कुणाचा जावई राहायला येणार निघायचा, कुणाच्या भिंतीला ओल लागलेली निघायची. दुष्काळात ओल! चौथ्या ठिकाणी, म्हणजे या घरी, माझ्या तोंडून ‘नांदेडकर’ निघून गेलं. त्यात खोटं काय? नांदेडचाच आहे की मी.

घरमालक किशनराव. पेंडीचं दुकान आहे. त्यांनी आडनावावर काहीच विचारलं नाही. मूळ गाव विचारलं, ते सांगितलं.

‘‘गावात घर कोन्या अंगाला?’’

‘‘वेशीजवळ,’’ मी म्हणालो.

पान चघळत ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. ‘‘असू द्या की साहेब. मानसानं मानूस बघावं. तुमाला अनामत पन नको.’’

माणूस थुंकतो फार, पण मनानं मोठा आहे. नव्या जिल्ह्यात असे चार लोक असले तरी पुष्कळ झालं. आणि मुख्य म्हणजे वाड्याच्या आवारात बोअर आहे, त्याला पाणी आहे. या गल्लीत टँकर येत नाही, तो मोठ्या रस्त्यावर उभा राहतो आणि तिथे रोज कुणाचं तरी डोकं फुटतं. मायचे गुडघे गेलेले. ही खोली गेली तर पाण्यावाचून आमचे हाल कुत्रा खाणार नाही.

११ फेब्रुवारी

मायचा प्रश्न सोडवला. माय पहाटे उठून त्रिसरण म्हणते, आणि म्हणते ते अशा आवाजात की नांदेडला आमची अख्खी गल्ली त्यावर उठायची. इथे मधली भिंत पातळ आहे. ‘मनात म्हण’ सांगितलं तर म्हणाली, ‘‘मनात म्हनायला मी काय चोरी करून राहिले का, शेषा?’’

तेव्हा मी विजेवरचा मोठा रेडिओ भिंतीला लागून ठेवला. माय सुरू झाली की मी भक्तिगीतं लावतो, चांगली मोठ्यानं. किशनराव आज म्हणालेसुद्धा, ‘‘नांदेडकर साहेब, तुमच्या घरी सकाळी लई देवाधर्माचं वातावरण आसतं.’’ म्हणजे काम झालं.

२० फेब्रुवारी

पाणी सकाळी मिळतं. बोअरवर मोटार आहे, ती अंगणात ओट्यावर बांधलेली सिमेंटची टाकी भरते आणि नळ टाकीलाच आहे. किशनरावांची आई, धुरपताबाई, नळाजवळ पाटावर बसून असते. कडक सोवळं. तारामतीनं घागर खाली जमिनीवर ठेवायची आणि म्हातारीनं तांब्यानं वरून पाणी घालायचं, घागरीला तांब्या लागू न देता. मी विचारलं तर किशनराव म्हणाले, ‘‘सांडू न्हाई म्हनून, साहेब. दुष्काळ हाय. म्हातारं मानूस, ऐकत न्हाई.’’

पटण्यासारखं आहे. तारामतीला नाही पटलं. समोरच्या खोलीतल्या शिंप्याची बायको, उदगीरकडची कमलम्मा, आपली घागर थेट नळाखाली लावते म्हणे. मी म्हटलं, तू दुसऱ्याच्या घागरीकडे कशाला बघतेस? आपल्याला पाणी मिळतंय ना? ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा मला अलीकडे वीट आला आहे.

७ मार्च

विजेचं बिल आलं. मीटर किशनरावांच्या नावावर, भरायचं मी. बिल बघून मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं आहे. नांदेडला एवढ्या विजेत मी पाच महिने काढले असते. दोन बल्ब, एक पंखा आणि रेडिओ. आम्ही काय घरात पिठाची गिरणी घातली आहे?

तारामतीला विचारलं, इस्त्री किती वेळ चालते? म्हणाली, तुमचाच एक शर्ट रोज करते. उद्यापासून शर्ट गादीखाली घडी करून ठेवायचा. पंखा फक्त रात्री.

मायच्या खोलीत बल्ब दिवसा चालू दिसला. मिश्री लावत बसली होती. मिश्रीचा तो वास आणि दिवसाचा बल्ब! मी बल्बच काढून घेतला.

१६ मार्च, रविवार

आज शास्त्रशुद्ध तपासणी केली. घरातलं सगळं बंद केलं, प्रत्येक बटण स्वतः दाबून बघितलं आणि मीटरसमोर उभा राहिलो. मीटरमधली चकती थांबली. अगदी मेल्यासारखी थांबली. किशनराव शेजारीच उभे होते. मी काय करतोय ते विचारून मुद्दाम आले. भला माणूस, रविवारची झोप सोडून आला.

‘‘बघा साहेब, मीटर कसं सरळ हाय. तुमी कामाला गेले की घरात बायकामानसं काय लावतेत, आपल्याला काय दिसतंय?’’

म्हणजे जो काही घोळ आहे तो मी ऑफिसात असताना होतो. आठवडाभर मी धुमसत होतो, पण आता दिशा सापडली. तारामतीच्या पेटीमागे, पलंगाखाली, माळ्यावर शोधलं. विजेची शेगडी वगैरे काही सापडलं नाही. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. ‘‘अहो, घरात चोर शोधून राहिलात तर एकदा माझ्या पदरात पन बघा,’’ म्हणाली.

२५ मार्च

ऑफिसात किशनराव आले होते. गावोगाव टँकर लावायचे आहेत, त्यात स्वतःच्या बोअरचं पाणी विकता येईल का, ही चौकशी. म्हणजे आमच्या वापराला तांब्यानं मोजून मिळणारं पाणी विकायला टँकरभर निघतं. मला ते जरा विचित्र वाटलं. पण व्यापारी माणूस, विचारायला काय जातंय.

माझ्या टेबलाशी बसले असताना घोटाळा झाला असता. आमचा शिपाई लिंबाजी फाइल घेऊन लांबूनच ओरडला, ‘‘कांबळे सायेब, मोठ्या सायेबानं बोलावलं!’’ नशीब, किशनराव त्याच वेळी किल्ली कानात घालून मळ काढत होते. किल्ली बाहेर काढली, तिचं टोक बघितलं, धोतराला पुसलं आणि मला म्हणाले, ‘‘जा साहेब, बोलावून राहिले तुमाला.’’

कुणाच्या कानातला मळ बघून मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. त्यांना काही ऐकू गेलं नाही.

५ एप्रिल

दुसरं बिल. पहिल्यापेक्षा मोठं.

इस्त्री बंद, मायचा बल्ब काढलेला, पंखा फक्त रात्री, आणि बिल वाढलं! मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, ‘‘रेडिओ तेवढा राहिला. तो पन बंद कर आन मला गप बसव.’’

खरंच बंद केला. मायला सांगितलं, आता ओठसुद्धा हलवायचे नाहीत. तिनं पहाटे भिंतीकडे तोंड करून हात जोडले आणि तशीच बसून राहिली. तिच्या पाठीकडे बघून मला बरं वाटलं नाही. पण दोष कुणाचा? वीज कोण जाळतंय ते आधी कळू दे.

८ एप्रिल

आज दुपारी न सांगता घरी आलो. डोकं दुखतंय असं सांगून अर्धी सुट्टी टाकली. खरं सांगायचं तर घरात विजेवर काय चालतं ते रंगेहाथ पकडायला आलो.

माय झोपलेली. तारामती अंगणात भांडी घासत होती, तीही मातीनं. घरात एक बटण चालू नाही. आणि बोळात मीटरची चकती भिंगरीसारखी फिरत होती! मागे मोटार घरघरत होती, आणि वाड्याच्या मागच्या दाराशी बैलगाडीवरची लोखंडी टाकी भरून घेत होते. हॉटेलवाल्यांची असावी.

मी किशनरावांना हाक मारली. ते आले, मीटरकडे नीट बघितलं, त्याच्या खाली थुंकले. माझा घासलेला कोपरा!

‘‘गरमीनं होतंय साहेब. आतली चकती ढिली होऊन राहिली. दुष्काळात समदीच मीटरं पळतेत. पाऊस पडला की बसंल जाग्यावर.’’

उन्हानं रेल्वेचे रूळ फुगतात हे मी वाचलं आहे. तेव्हा असेलही.

रात्री तारामती म्हणाली, ‘‘मोटार लागली की आपला बल्ब मलूल होतो. रोज बघते मी.’’ मी तिला म्हणालो, तुझा जन्म कंदिलात गेला, तुला विजेतलं काय कळतं? ती उठून निघून गेली. मला झोप आली नाही. ज्या माणसानं आडनावाची चौकशी न करता छप्पर दिलं, त्याच्यावर बायकांनी संशय घ्यावा, मला या क्षुद्रपणाची चीड येते.

१७ एप्रिल

चार दिवस नांदेडला जाऊन आलो. चौदा एप्रिल नांदेडलाच करायची, हा मायचा हट्ट. किशनरावांना सांगितलं, मामाच्या मुलीचं लग्न आहे. जाताना मी मेन स्विच नाही, पण घरातलं एकूणएक बटण बंद केलं, रेडिओची पिन उपसली, मीटरवरचा आकडा वहीत लिहून घेतला आणि कुलूप घातलं.

नांदेडला माय मिरवणुकीत गुडघे विसरून चालली. घसा बसेपर्यंत ओरडली. परतीच्या एसटीत अहमदपूरला चहा प्यायलो तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता आणि चेहरा मात्र असा की मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. लातूरचा स्टँड आला तशी ती पुन्हा मिटली.

दारात किशनराव. ‘‘चौदा एप्रिलचं लगीन व्हय, साहेब? लई जोरात झालं आसंल. बँड-बिंड?’’

‘‘मुहूर्त तेवढाच होता,’’ मी म्हणालो.

‘‘हाव की. मोठा मुहूर्त हाय तो.’’ आणि हसत गेले. जुन्या माणसांना पंचांग पाठ असतं.

कुलूप काढून आधी मीटर बघितलं. बंद घरात, कुलपाआड, मीटर आमच्या नेहमीच्या चार दिवसांपेक्षा पुढे पळालेलं! म्हणजे तारामती नाही, माय नाही, रेडिओ नाही. मी तसाच उंबऱ्यावर बसलो. मी तारामतीशी काहीतरी बोलायला हवं होतं. मायचा बल्ब पुन्हा लावून दिला.

२१ एप्रिल

विजेच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला माणूस सरळ होता. म्हणाला, भाडेकरू तक्रार करू शकतो, मीटर तपासायला माणूस येईल. अर्ज करा, सोबत भाडेपावती आणि ओळखीला ऑफिसचा दाखला जोडा.

भाडेपावती नांदेडकरच्या नावाची. दाखला कांबळेचा.

खिडकीपुढून बाजूला झालो. मागच्या माणसाला घाई होती, त्यानं मला कोपरानं ढकललं, आणि मी चक्क त्याला ‘माफ करा’ म्हणालो. माझीच मला किळस आली. स्वतःच्या मीटरची तक्रार करायला दोन माणसं लागतात, आणि दोन्ही मीच.

२७ एप्रिल, रविवार

सगळं कळलं. क्रमानं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी बल्ब गेला. मला वाटलं फ्यूज उडाला. मीटरखालच्या बोर्डावरची चिनी मातीची ग्रिप मी ओढून काढली, तार बघायला. त्या क्षणी मागची घरघर बंद पडली. अंगणातून किशनरावांचा गडी ओरडला, ‘‘मोटार बंद झाली!’’

तार तर शाबूत होती. मी ग्रिप परत बसवली. घरघर सुरू. पुन्हा काढली. बंद. पुन्हा बसवली. सुरू. पुन्हा काढली आणि हातात धरूनच उभा राहिलो.

तारामती मागे उभी होती. तिनं काहीतरी म्हणायला हवं होतं, मी ऐकून घेतलं असतं.

किशनराव आले. मी म्हणालो, ‘‘तुमची मोटार माझ्या मीटरवर आहे.’’

मला वाटलं, गडबडतील. निदान वायरमनवर ढकलतील. ते शांतपणे थुंकले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘‘हाय. मग, कांबळे साहेब?’’

माझ्या हातातल्या ग्रिपकडे बघत ते पुढे म्हणाले,

‘‘पयल्या दिशीच कळलं होतं. वेशीजवळ म्हनं! आवो, ज्याचं घर गावात हाय तो गल्लीचं नाव सांगतो. खऱ्या नांदेडकराला मी खोली दिलीच नसती. त्यानं पयल्या बिलाला बोंब मारली आसती. तुमी मारनार न्हाई. तुमाला खोली पायजे, मला शांतता पायजे. कुनाचं काय वाईट झालं?’’

‘‘आणि तुमच्या आईला...’’

‘‘मायला म्या सांगितलं पयलंच. ती म्हनली ऱ्हाऊ दे, घागर टेकू द्यायची न्हाई. घरात बसून तुमी काय म्हनता, काय न्हाई, आपल्याला काय करायचंय? रेडिओ उगंच जाळलात साहेब.’’

निघताना म्हणाले, पुढच्या बिलातलं अर्धं मी देतो, झालं तर? वर माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात, कानातल्या किल्लीचा.

ते गेल्यावर मी तारामतीला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, ‘‘पयल्या घागरीला.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुमी इतके खूश होता. घर मिळालं म्हनून.’’

मग इतके दिवस मायचा आवाज मी कुणापासून लपवत होतो? वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. या घरात एकटा मीच तेवढा नांदेडकर होतो. मला किळस येते आहे, आणि ती पानाच्या पिचकारीची नाही.

ग्रिप मी परत बसवली. हे लिहून ठेवतो. परत बसवली, कारण पाणी.

३ मे

ऑफिसात गेलो, आलो. मोटार चालू.

६ मे

किशनरावांनी रस्त्याच्या कडेला पाणपोई घातली. वडिलांच्या स्मरणार्थ. तीन रांजण, वर वाळ्याचा पडदा, फळा रंगवलेला. येणारे-जाणारे ओंजळीनं पाणी पितात आणि ‘पुण्यवान माणूस’ म्हणतात. एकानं मला सांगितलं, नांदेडकर, तुम्ही भाग्यवान, असा मालक मिळाला. माझ्या विजेवर त्यांच्या वडिलांना पुण्य लागतंय. मी ‘हो’ म्हणालो. माझं ‘हो’ मला अजून तोंडात जाणवतं, कडू, मिश्रीसारखं.

मायनं विचारलं, ‘‘शेषा, आता समद्याला ठाव हाय तर मी म्हनू का पहाटं?’’

मी म्हणालो, थांब जरा. कशासाठी थांबायचं ते मलाही सांगता आलं नसतं. बहुधा किशनरावांना चिडवायचं नाही, एवढंच.

अक्षयतृतीया

घाईत लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय.

आज पितरांच्या नावानं पाण्याचा घट भरतात. सकाळी तारामती घागर घेऊन गेली आणि रिकामी परत आली. धुरपताबाईनं लांबूनच हात केला होता: ‘‘आज न्हाई गं. आज पितरांचं पानी हाय. तुमच्या घागरी आज नळाच्या आसपास बी नगंत. सावली पन पडू नगं.’’

तारामतीनं हे मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी मिळाली नाही असं सांगावं तसं. आणि घागर कोपऱ्यात पालथी घालून ठेवली.

मी अंगणात गेलो. म्हातारीनं पाट मांडला होता. मातीचा नवा घट, त्याला हळदीकुंकू, शेजारी आंबे. टाकीतलं शिळं पाणी पितरांना चालत नाही म्हणून ताजं हवं होतं. तेव्हा मोटार लावून बोअरचा पाइप सरळ घटात सोडला होता. पाणी धो धो पडत होतं. कमलम्मा आणि आणखी दोघी बायका हात जोडून उभ्या. किशनराव अंघोळ करून, गंध लावून, कधी नव्हे ते तोंडात पान न घेता.

मी काही ठरवलं नव्हतं. बोळात परत आलो आणि ग्रिप ओढली.

अंगणात गेलो तेव्हा पाइपातून शेवटचे थेंब पडत होते. घट अर्धा.

‘‘किशन, पानी गेलं रे!’’ म्हातारी ओरडली.

मी ग्रिप हातात धरून सगळ्यांच्या मध्ये उभा राहिलो. ‘‘आजी, पाणी मी बंद केलंय.’’

‘‘का रं बाबा?’’

‘‘तुम्ही म्हणालात आमची सावली नको. मग आमची वीज कशी चालते? तुमची मोटार आमच्या घरातून चालते. फेब्रुवारीपासून. रोजच्या पूजेचं, पाणपोईचं, या घटातलं, सगळं पाणी कांबळ्यांच्या घरातून वर आलंय.’’

‘कांबळ्यांच्या’ हे मी मोठ्यानं म्हणालो. कमलम्मानं तोंडावर पदर घेतला. किशनराव ‘‘साहेब, साहेब’’ करत पुढे आले.

म्हातारी त्यांच्याकडे वळली. ‘‘यांच्या घरातून येतंय व्हय रं पानी?’’

‘‘माय, तसं नसतं. ती वीज आसती, तिला जात...’’

‘‘येतंय का न्हाई?’’

किशनराव एकदा आईकडे, एकदा माझ्या हाताकडे बघू लागले. वीज चोरली नाही म्हणावं तर बाजूला मी ग्रिप घेऊन उभा. वीज बाटत नाही म्हणावं तर मग घागर कशी बाटते?

म्हातारीनं घट उचलला आणि फरशीवर फोडला. मग लटपटत टाकीकडे गेली आणि तळाचा मोठा कॉक दोन्ही हातांनी फिरवला. पाणी बदाबदा कोसळलं. अंगणातून, मोरीतून, वाड्याच्या दारातून रस्त्यावर. हॉटेलवाल्यांना विकायला भरून ठेवलेली अख्खी टाकी!

‘‘माय, सोड ते! माय, दुष्काळ हाय!’’ किशनराव ओरडत धावले.

‘‘कॉकाला हात लावशील तर माझं मढं बघशील!’’

मला वाटलं होतं, आज किशनरावांना लाज वाटेल. लाज कुणालाच वाटली नाही. म्हातारी पाणी फेकत होती, मुलगा पैशासाठी रडत होता, आणि त्या दोघांत आमच्याबद्दल एक शब्द नव्हता. इतकी शिसारी मला या घराची कधी आली नव्हती.

तेवढ्यात गल्ली आली. बादल्या, हंडे, डबे, पातेली. कुणी विचारलं नाही पाणी कुणाच्या घरातून आलंय. कमलम्मा तर सोवळं-ओवळं विसरून गुडघाभर चिखलात कळशी भरत होती.

आणि माय. लंगडत आली, कोपऱ्यातली पालथी घागर कमरेवर घेऊन. त्या गर्दीतून वाट काढत थेट टाकीपाशी गेली, धुरपताबाईच्या शेजारी उभी राहिली आणि घागर कॉकाखाली टेकवली. लोखंडाला पितळ लागल्याचा आवाज झाला. दोघी म्हाताऱ्या इतक्या जवळ होत्या की पदराला पदर लागत होता. धुरपताबाई बघत राहिली. मायनं घागर काठोकाठ भरू दिली.

दुसऱ्या दिवशी

काल संध्याकाळी किशनरावांनी महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. सोडणारच आहे. ऑफिसात लिंबाजीला सांगितलं, माझ्यासाठी खोली बघ, आणि आडनाव आधी सांग. तो म्हणाला, आसं सांगितल्यावर वेळ लागंल सायेब. लागू दे म्हटलं. रोज टँकरच्या रांगेत मी उभा राहीन. मायच्या गुडघ्यांना माझे पाय.

पहाटे जाग आली. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती, हात जोडून, ओठ मिटून. माझा हात सवयीनं रेडिओच्या बटणाकडे गेला. मग आठवलं, ग्रिप अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे, घरात वीजच नाही.

माय माझ्याकडे बघत होती.

‘‘म्हण,’’ मी म्हणालो.

तिला खरं वाटेना. ‘‘कसं म्हनू?’’

‘‘नांदेडला म्हणायचीस तसं.’’

तिनं घसा साफ केला आणि सुरू केलं. पलीकडे धुरपताबाईच्या घरात भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. तारामती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनंही हात जोडले. मग मीही.